दोन टर्बोची टोचन गाडी

तीस-बत्तीस वर्षं मी डिझेलची इंजिनं उघडली आणि पुन्हा जोडली. एवढ्या वर्षांत आलेल्या गिऱ्हाइकांची मागणी बहुतेक एकच असायची: "मिस्त्री, गाडीला जोर पायजे." संगमनेरहून दुधाचा एक टँकरवाला यायचा, त्याला तर जोरही नको होता. टर्बोची शिट्टी तेवढी हवी होती, गावात शिरताना लोकांनी माना वळवाव्यात म्हणून. तेही मी समजू शकलो. पण "मला जोर न्हाई पायजे" असं तोंडावर सांगणारं माणूस मला एकदाच भेटलं. त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली, पण दिवाळी जवळ आली आणि ऊसतोडीच्या गाड्या रस्त्याला लागल्या की मला हटकून त्या बाईची, तिच्या नवऱ्याची आणि त्यांच्या गाडीची आठवण येते. ह्या वर्षी लिहूनच काढावं म्हटलं.

नगरला औद्योगिक वसाहतीच्या कडेला माझं पत्र्याचं शेड होतं. डिझेल पंप आणि टर्बो दुरुस्त करायचो. नव्वद सालानंतरची ती वर्षं. ट्रकना टर्बो नुकते येऊ लागले होते, आणि ज्यांच्या गाडीला कंपनीनं दिले नव्हते ते बाहेरून बसवून घेत होते. एके दिवशी सकाळी एक बाई शेडात आली. चाळिशीची असेल, नऊवारी नेसलेली, पायांत पुरुषी चामडी चपला. मी पुढे केलेल्या ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसली आणि सरळ बोलायलाच लागली.

"आमची टोचन गाडी हाय, करंजी घाटाच्या पायथ्याला. तिला टर्बो बसवायचाय. कोनता, ते तुमी ठरवा. पन मला जोर न्हाई पायजे. पळवायची तर न्हाईच न्हाई. वढताना गाडी मागं आली न्हाई पायजे. बोटभरसुदिक."

बंद पडलेली किंवा कलंडलेली गाडी साखळीनं दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढायची, त्याला आमच्याकडे टोचन म्हणतात. हे काम कुणा बाईनं चालवल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी जरा हसूनच म्हणालो, "मागं येऊ न देणं हे ब्रेकचं काम आहे, बाई."

"बिरेक सोडल्याबिगर गाडी फुडं जाती का?" ती म्हणाली. "बिरेक सोडायचा आन् इंजनानं वझं धरायचं, ह्याच्या मधी जेवढा येळ जातो ना मिस्त्री, तेवढ्यात माझ्या मालकाचे पाय गेले."

माझं हसू तिथंच विरलं.

तिचं नाव सोजरबाई. नवरा किसन, पण घाटातले सगळे ड्रायव्हर त्याला किसनअण्णा म्हणायचे. चार वर्षांपूर्वी सिमेंटनं भरलेला ट्रक चढावर ओढताना त्यांच्या गाडीनं दम सोडला. ब्रेक सोडला, इंजिनाला वजन झेपलं नाही, ते बंद पडलं आणि दोन्ही गाड्या मागे येऊन डोंगराच्या बाजूला आदळल्या. अण्णांचा मणका गेला. कमरेखालचं काही हलत नव्हतं. तेव्हापासून गाडी पोपट नावाचा ड्रायव्हर चालवत होता आणि धंदा सोजरबाई सांभाळत होती.

पुढच्या रविवारी मी गेलो. घाटाखाली रस्त्याला लागूनच त्यांचं घर होतं, पुढे पत्र्याचं सपार आणि त्यात अण्णांची खाट. खाटेचं उसं अशा बाजूला होतं की पडल्यापडल्या घाट दिसावा. पण नंतर माझ्या लक्षात आलं, अण्णा घाटाकडे बघत नसत. डोळे मिटून ऐकत असत. चढणारा कोण, उतरणारा कोण, कुणाचा क्लच जळतोय, कुणी चुकीचा गिअर टाकला, सगळं ते खाटेवरून सांगायचे. भरदार मिशा, खांदे पैलवानाचे, आणि मांड्यांवर एक चौकड्यांची चादर, उन्हाळ्यातसुद्धा.

गाडी लष्कराच्या लिलावातली होती. मागे लोखंडी गर्डरची क्रेन बसवलेली. सांगाडा हत्तीसारखा, पण इंजिन जुनं सहा सिलिंडरचं, विनाटर्बोचं.

टर्बो म्हणजे काय, हे मी सोजरबाईला लोहाराच्या भात्यावरून सांगितलं होतं. भात्यानं हवा मारली की निखारा फुलतो, तसंच. इंजिनाला जास्त हवा दिली तर ते जास्त डिझेल नीट जाळतं. ही हवा भरायला वेगळी ताकद लागत नाही. सायलेन्सरमधून जो धूर वाया जातो त्याच्या झोतानं एक पाकळ्यांचं चाक फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून आत भरतं. फुकटचा भाता. मेख एवढीच, की धूर जोरात आल्याशिवाय चाक फिरत नाही आणि चाक फिरल्याशिवाय जोर येत नाही. पाय दाबला आणि जोर आला, यांच्यामध्ये क्षण-दोन क्षण जातात. सपाट रस्त्यावर ते कुणाला कळतही नाहीत.

खरं सांगायचं तर मी उत्तर ठरवूनच गेलो होतो. तेव्हा सगळे करत होते तेच. एक मोठा, दणकट टर्बो. पुण्याच्या जुन्या बाजारातून खाणीतल्या डंपरचा आणला, बसवला, पंपाचं डिझेल वाढवलं. चाचणीला ओळखीचा विटांनी भरलेला ट्रक घेतला. घाटाच्या पहिल्याच चढावर दोन्ही गाड्या उभ्या केल्या. पोपट स्टिअरिंगवर. सोजरबाई मागच्या चाकाशी बाभळीचा भला मोठा ठोकळा घेऊन उभी राहिली. अण्णांच्या काळापासून हे काम तिचंच होतं. गाडी हातभर पुढे गेली की ठोकळा हातभर पुढे.

पोपटनं पाय दाबला, ब्रेक सोडला. इंजिन घरघरलं, आणि थांबल्यासारखं झालं. गाडी वीतभर मागे आली आणि ठोकळ्यावर अडली. मग एकदम शिट्टी घुमली आणि गाडी अशी उसळली की साखळी तुटते की काय असं वाटलं. वर तर आम्ही गेलो, झपाट्यानं गेलो. पोपट खूश होता. मीही.

खाली आल्यावर मी अण्णांसमोर उभा राहिलो, शाबासकी ऐकायला. अण्णांनी डोळे उघडले नाहीत.

"मधी उसंत घेती ती."

"एक क्षणच, अण्णा."

"मला एकच क्षन लागला, सुदाम."

माझं नाव त्यांनी तेव्हा पहिल्यांदा घेतलं. मी मोठा टर्बो काढला.

मग लहान लावून पाहिला, एका छोट्या इंजिनाचा. तो पाय दाबताच जागा व्हायचा. चढावर गाडी जागच्या जागी वजन उचलायची, मागे येण्याचं नाव नाही. सोजरबाईचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झालेला पाहिला. पण टोचनाचं काम घाट चढल्यावर संपत नाही. मेलेली गाडी नगरपर्यंत न्यायची असते, आणि लांबच्या पल्ल्यावर लहान टर्बोचा घसा दाटायचा. धूर खूप, वाट अरुंद. नगरच्या अलीकडेच सायलेन्सरचा पाइप लाल झाला आणि रेडिएटरचं पाणी उकळून बाहेर आलं. अजून दोन-चार मैल गेलो असतो तर पिस्टन वितळले असते.

मोठा पळण्याला चांगला, लहान उचलण्याला चांगला. सोजरबाईला दोन्ही हवं होतं, आणि तिचं बरोबर होतं. तिसऱ्या रविवारी मी सपाराच्या जमिनीवर कोळशानं चित्र काढलं. धूर आधी लहानातून जाईल, तिथून मोठ्यात. हवा उलट्या वाटेनं, आधी मोठा घेईल, मग लहान ती आणखी दाबून इंजिनाला देईल. चढावर लहान जागा राहील, वेग आला की मोठा काम हातात घेईल.

सोजरबाई वाकून चित्र बघत होती. "म्हंजी थोरली आन् धाकटी. आन् दोघींचं भांडन झालं तर?"

"म्हणून मधे झडप ठेवायची. धाकटीला धूर सोसेना झाला की झडप उघडेल आणि जादा धूर परस्पर थोरलीकडे जाईल."

"असं कुनी केलंय का?" अण्णांनी विचारलं.

"आपल्याकडं तर नाही ऐकलं."

"मग कर."

नगरच्या मिस्त्री मंडळींत हे कळलं तेव्हा माझी चांगलीच टर उडाली. "दोन बायका, फजिती ऐका!" चहाच्या टपरीवर रोज कुणीतरी म्हणायचं. मला धाकधूक होतीच. एवढी हवा दाबली तर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उचललं जाईल, गॅस्केट फुटेल. मी जाड गॅस्केट कापून घेतलं, हेडचे बोल्ट बदलले, पंप पुन्हापुन्हा उघडून डिझेल कमी-जास्त केलं. झडपेची स्प्रिंग जुळायलाच महिना गेला. हे सगळं फक्त त्यांच्यासाठी केलं असं म्हटलं तर खोटं होईल. माझीही हौस होती. कुणी न केलेलं काम आपल्या हातून व्हावं असं तिशीतल्या मिस्त्रीला वाटतंच. पण दर रविवारी मी एसटी पकडून तिकडे जायचो ते तेवढ्यासाठीच नव्हे. सोजरबाई बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी करायची, अण्णा खाटेवरून इंजिनाचं ऐकून सांगायचे, "आता जरा कमी कर... हां, आता तिला बरं वाटतंय." माझे आईबाप तेव्हा हयात नव्हते. इतकं सांगितलं तरी कळेल.

गाडी तयार झाली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पोपटनं आठवडाभर चालवून पाहिली आणि सोयरिकीचं बोलणं करायला शेवगावला गेला. मी पंप शेवटचा तपासायला म्हणून आलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. इतक्यात एक मोटारसायकलवाला घाटातून खाली आला आणि सपारासमोर गाडी आडवी घालून ओरडला, "टोचन काढा, लवकर! ऊसतोडीची गाडी अडकलीय, कड्याला! बाई हाय आत!"

चढताना त्या ट्रकचा गिअर सुटला होता. मागे येऊन त्याचं डावं मागचं चाक कठडा तोडून बाहेर गेलं होतं. बहुतेक माणसं उड्या टाकून वाचली होती. पण आत बैलगाडीची चाकं, धान्याची पोती, भांडीकुंडी असा सगळा संसार भरलेला, आणि त्या ढिगाऱ्याखाली एका बाईचा पाय अडकला होता. तिला काढायला कुणी वर चढलं की ट्रक दरीकडे झुकायचा.

सोजरबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी गाडी चालवतो हो, पण टोचन मी कधी ओढलं नाही."

"मला उचला," अण्णा म्हणाले.

गेल्या चार वर्षांत त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. सोजरबाई खाटेच्या डोक्याशी गेली आणि त्यांच्या काखेत हात घातले. मी पाय धरले, मोटारसायकलवाल्यानं कंबर. केबिनमध्ये बसवल्यावर तिनं चादरीनंच त्यांना सीटला बांधलं, घट्ट गाठ मारली, आणि ठोकळा घेऊन मागे चढली.

वर गेलो. रस्त्याच्या कडेला बायका-पोरं बसली होती. कुणी रडत नव्हतं, हेच मला भयंकर वाटलं. मी पाथर्डी तालुक्यातला. माझी आई आणि बाप दर साली कोयता घेऊन असेच निघायचे, आणि पोत्यांच्या वर बसवलेल्यांत मीही असायचो. गाडी घाटात वळायला लागली की आई माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरायची. ट्रकच्या फाळक्यातून अडकलेल्या बाईचा हात दिसत होता. शेजारी दुसरी एक बाई तिच्याजवळच थांबली होती, उतरली नव्हती. नंतर कळलं, जावा होत्या.

साखळी लावली. अण्णांनी सगळ्यांना लांब जायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. "हे बघ. हिसका बसला तर ती गाडी गेली. मधी थांबलास तरी गेली. एका दमात, मुंगीच्या चालीनं. इंजन मी ऐकतो. तू फकस्त पाय."

मी पाय पेडलवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले.

"दाब. हळू. अजून... धाकटी आली का?"

शिट्टी बारीक ऐकू आली. "आली."

"तिला जाऊ देऊ नको. पाय तिथंच. आता अर्धा क्लच. पान्यात पाय सोडतो तसा सोड."

साखळी ताठ झाली. गाडी खाली बसल्यासारखी झाली.

"आता बिरेक."

मी ब्रेक सोडला. गाडी मागे आली नाही. बोटभरसुद्धा नाही. जागच्या जागी उभी राहून तिनं ते सगळं वजन अंगावर घेतलं, आणि पुढे सरकली.

"हां," अण्णा म्हणाले. "हां, माझी बाय."

मागून सोजरबाईचा आवाज येत होता, "आली! आली! आली!" आणि प्रत्येक 'आली'बरोबर ठोकळा पुढे सरकत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ते चाक कठड्यावरून आत आलं तेव्हा बायकांचा एकदम हलकल्लोळ झाला. इतका वेळ दाबून धरलेलं रडू होतं ते.

बाईचा पाय मोडला होता, पण जीव वाचला. तिला एका जीपमधून नगरला नेलं. तिची जाऊ बरोबर गेली. बाकीच्यांनी पोती पुन्हा नीट लावली, गिअर कसाबसा बसवून घेतला आणि दुपारनंतर तो ट्रक पुढे गेला. त्यांना कारखान्यावर पोचायचं होतं.

घरी आल्यावर आम्ही अण्णांना उचलायला गेलो तर म्हणाले, "जरा बसू द्या." संध्याकाळपर्यंत ते बंद गाडीत तसेच बसून राहिले. सोजरबाईनं चहा केबिनमध्येच नेऊन दिला.

त्यानंतर एकही टोचन अण्णांशिवाय गेलं नाही. पोपट चालवायचा, अण्णा शेजारी डोळे मिटून. घाटातले ड्रायव्हर हात करायचे. मी रविवारी गेलो की कधीकधी खाट रिकामी असायची, आणि रिकामी खाट बघून इतका आनंद मला त्याआधी किंवा नंतर कधी झाला नाही. दोन-अडीच वर्षं असं चाललं. आयुष्यात मला कुणी 'सगळ्यात चांगला काळ कोणता' असं विचारलं तर लग्न, मुलं, पुण्यातलं घर हे सगळं सोडून माझ्या तोंडी हेच येईल, आणि बायकोला मी तसं सांगितलंही आहे.

मग मला पुण्याला नोकरी लागली. टर्बो बनवणारा कारखाना, पगारी नोकरी, पुढे मुलांच्या शाळा. कुणीही घेतली असती. अण्णांनी तर मला जवळजवळ ढकललंच. "हितं काय घाटाखाली म्हातारा व्हनार हायेस का?" निघताना मी पोपटला बजावलं, धाकटीचं बेअरिंग दर साली बघायला लागेल, ती फार फिरते, झिजते. आणि सोजरबाईला म्हणालो, "ते मी करेन. दर दिवाळीला येईन."

पहिल्या दिवाळीला गेलो. दुसऱ्या दिवाळीला नवीन घराचा ताबा मिळाला होता, सामान हलवायचं होतं. पुढच्या महिन्यात जाऊ म्हटलं. पुढच्या महिन्यात कारखान्यात काम निघालं. माणूस नेमका कोणत्या दिवशी जायचा थांबतो ते त्याचं त्यालाही कळत नाही.

वर्षभरानं पोपट पुण्यात सामान घ्यायला आला आणि मला शोधत घरी पोचला. बसल्याबसल्या म्हणाला, "अन्ना आता गाडीत बसत न्हाईत, मिस्त्री."

धाकटी आवाज करायला लागली होती. त्यांनी महिनाभर माझी वाट पाहिली. मग कामं थांबायला लागली म्हणून एका जवळच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बघितलं आणि म्हणाला, ही भानगड कशाला, मोठा एकटा पुरे. धाकटी काढून टाकली, थोरली सरळ जोडून दिली. त्याचं चुकलं म्हणवत नाही. शंभरातले नव्याण्णव मिस्त्री हेच करतील, मीही आधी तेच केलं होतं. पुढच्याच टोचनाला चढावर ब्रेक सोडला आणि गाडी मागे आली. ठोकळ्यावरूनही घसरली. सोजरबाई बाजूला उडी मारून वाचली, दहा-बारा फुटांवर गाडी थांबली. कुणालाही खरचटलं नाही. पण अण्णा सीटला बांधलेले होते, आणि ते सगळं त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून निघालो.

सोजरबाई दारात बाजरी पाखडत होती. मला बघून उठली, सूप खाली ठेवलं. "या," एवढंच म्हणाली. रागावली असती तर सोपं गेलं असतं. पाणी देताना मात्र म्हणाली, "तुमी आला असता तर... जाऊ द्या. तुमाला बी तुमचा परपंच हाय."

अण्णा खाटेवर होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. उशाशी, देवळीत देव असावा तसा, धाकटीचा टर्बो ठेवलेला होता, पुसून लख्ख केलेला. अण्णा माझ्याशी बोलता बोलता बोटानं तिचं चाक फिरवत होते. चाक अर्ध्यात अडकायचं. ते पुन्हा फिरवायचे. ते बघून मी माफी मागायला म्हणून जे जुळवून आणलं होतं त्यातलं काहीच माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणालो, "द्या ती इकडं."

बेअरिंग मी पुण्याहून बरोबर आणलं होतं. तिथंच सपारात बसून धाकटी उघडली, साफ केली, नवीन बेअरिंग घातलं. दुसरा दिवस पाइप जोडण्यात आणि झडप लावण्यात गेला. सोजरबाईनं पाने हातात दिले, कोणता कितीचा ते तिला पाठ होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू केलं. धाकटीची बारीक शिट्टी आणि तिच्याखाली थोरलीचा घोगरा सूर. सोजरबाई खांबाला टेकून उभी राहिली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

मी खाटेजवळ गेलो. "अण्णा, बसता ना?"

त्यांनी मांडीवरच्या चादरीच्या सुरकुत्या सारख्या केल्या.

"न्हाई रे. आता नको वाटतं. माझ्या डोक्यातनं ते मागं येनं जाईना." मग म्हणाले, "तू ने वर. पोपटनं आनलेली विटांची गाडी हुभी हाय, ती लाव मागं. मी हितनं ऐकतो."

पोपट विटांच्या ट्रकमध्ये बसला आणि मी टोचनात. शेजारची सीट रिकामी होती. पहिल्या चढावर थांबून मी ब्रेक सोडला, गाडीनं वजन उचललं आणि आम्ही चढू लागलो. वाऱ्याचा दिवस होता, समोरून एसटी उतरत होत्या, मागे पोपटचा हॉर्न चालू होता. एवढ्या आवाजात खाली काय ऐकू जाणार? माथ्यावर गाडी वळवून उभी केली तेव्हा सपाराचा पत्रा नखाएवढा दिसत होता. मला त्या वेळी फार एकटं वाटलं. आज त्या रस्त्यावरून जाताना मोटारीला चढ जाणवतसुद्धा नाही, मुलगा विचारतो, बाबा घाट कुठं होता? सोजरबाई सासरी असलेल्या लेकीकडे राहायला गेली, अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण माथ्यावर गेलो की मला अजून तसंच वाटतं, त्या दिवशीसारखं, की खाली कुणीतरी कान लावून बसलंय आणि आपल्याला ते खात्रीनं कळायला मार्ग नाही.

खाली आलो. गाडी सपारासमोर लावली, इंजिन जरा वेळ रिकामं चालू ठेवलं, मग बंद केलं आणि उतरलो. अण्णा डोळे मिटून पडले होते. झोप लागली असेल म्हणून मी हळूच उशाशी बसलो.

"तिसऱ्या वळनाला घाई केलीस," डोळे न उघडता ते म्हणाले. "गिअर लौकर टाकलास. थोरली यायच्या आत."

सोजरबाई चुलीपाशी होती, तिनं मान वर करून पाहिलं.

"बसलास काय?" अण्णा म्हणाले. "पुन्ना जा."

मी उठलो, केबिनमध्ये चढलो आणि गाडी पुन्हा घाटाकडे वळवली.